कार्बन कोंडून ठेवणारे शेवाळ

शाळेच्या पुस्तकातले प्रकाशसंश्लेषणाचे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांना आजही पाठ असते: वनस्पती कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात आणि ऑक्सिजन बाहेर सोडतात. या वाक्यातला ‘घेऊन’ हा शब्द इतक्या सहजपणे येऊन जातो की, त्या घेण्यात काही अडचण असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. प्रत्यक्षात पाण्यात राहणाऱ्या शेवाळाला पाण्याची वाण नसते, दिवसा प्रकाशही बहुधा पुरेसा असतो. तुटवडा असतो तो कार्बन डायऑक्साइडचाच. हा तुटवडा हिरव्या शेवाळाने कसा भरून काढला, हे पाहू लागले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कार्बन पेशीत आणणे त्या मानाने सोपे आहे. आणलेला कार्बन निसटू न देणे हे खरे अवघड काम आहे.

या लेखापुरते आपण एकच शेवाळ डोळ्यांसमोर ठेवू. त्याचे नाव क्लॅमिडोमोनास रेनहार्टी. ते एकपेशीय असून त्याची लांबी साधारण 10 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग असते. पोहण्यासाठी दोन कशाभिका, प्रकाशाची दिशा ओळखण्यासाठी एक नेत्रबिंदू आणि पेशीचा बराचसा भाग व्यापणारे, पेल्याच्या आकाराचे एकच हरितलवक, असा त्याचा प्रपंच असतो. हे शेवाळ ओल्या मातीत आणि गोड्या पाण्यात राहते. जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा त्याचा मूळ वाण 1945 मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, ॲमहर्स्टजवळच्या बटाट्याच्या शेतातील मातीतून मिळवला गेला. ते वाढवायला सोपे आहे आणि त्याच्या जनुकांत बदल करून परिणाम तपासता येतात, म्हणून या विषयातील आपले बहुतेक ज्ञान याच एका जीवाकडून आले आहे.

अडचणीचे मूळ एका विकरात आहे. हवेतील कार्बन साखरेच्या साखळीत जोडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर करते, आणि पृथ्वीवर सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनांमध्ये त्याची गणना होते. ते इतके मुबलक असण्याचे एक कारण त्याच्या कौतुकाचे नाही: ते अतिशय मंद आहे. एक रुबिस्को सेकंदाला जेमतेम तीन ते दहा रेणू हाताळते, त्यामुळे पेशीला पुरेसे काम उरकण्यासाठी ते प्रचंड संख्येने बनवावे लागते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. रुबिस्कोला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांच्यात नेमका फरक करता येत नाही. अधूनमधून ते चुकून ऑक्सिजनचाच रेणू पकडते. मग त्यातून निर्माण झालेला निरुपयोगी पदार्थ पुन्हा वापरात आणण्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते, आणि आधी बांधलेल्या कार्बनचा काही भाग परत वायुरूपाने निघून जातो. रुबिस्कोची ही दुटप्पी वागणूक 1971 मध्ये अमेरिकेत बोज, ओग्रेन आणि हेजमन यांनी दाखवून दिली. रुबिस्कोला दोष देताना त्याचा इतिहासही ध्यानात घ्यायला हवा. ते घडले तेव्हा वातावरणात ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. तो लक्षणीय प्रमाणात साठू लागला सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी. ज्या चुकीला वावच नव्हता ती टाळायला शिकण्याचे कारण त्या विकराला पडले नाही.

आता आकडे पाहू. हवेशी समतोल साधलेल्या, 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात आजच्या घडीला सुमारे 14 मायक्रोमोल, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. त्याच पाण्यात ऑक्सिजन सुमारे 250 मायक्रोमोल असतो. क्लॅमिडोमोनासच्या रुबिस्कोला आपल्या कमाल वेगाच्या निम्मा वेग गाठायलाच 29 मायक्रोमोलच्या आसपास कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि ऑक्सिजनची लुडबुड धरली तर त्याहूनही अधिक. म्हणजे बाहेरच्या पाण्यात आहे तेवढ्यावरच पेशी विसंबून राहिली तर तिचे हे महागडे विकर आपल्या क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली काम करील. त्यातही हा आकडा ताज्या, ढवळलेल्या पाण्याचा झाला. साचलेल्या पाण्यात पेशीने आजूबाजूचा वायू वापरून टाकला की त्याची जागा भरून यायला फार वेळ लागतो, कारण पाण्यात कार्बन डायऑक्साइडचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद असते. वाऱ्याच्या झुळकेने पानाभोवतीची हवा बदलते. शेवाळाभोवतीचे पाणी मात्र तसे सहजी बदलत नाही.

पण याच पाण्यात कार्बनचा दुसरा, बराच मोठा साठा असतो. पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग पाण्याशी संयोग पावून बायकार्बोनेट बनतो. कोणत्या रूपात किती कार्बन राहील हे पाण्याच्या आम्लतेवर, म्हणजे माती परीक्षणाच्या अहवालात ज्याला सामू म्हणतात त्यावर, अवलंबून असते. सामू सुमारे 6.35 असेल तर दोन्ही रूपे समसमान असतात; 7.35 झाला की बायकार्बोनेट दहापट होते आणि 8.35 ला शंभरपट. उलट पाणी आम्ल झाले की बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बन डायऑक्साइड होते. हे रसायनशास्त्र आपल्या स्वयंपाकघरात रोजच्या ओळखीचे आहे. ढोकळ्याच्या पिठात खाण्याचा सोडा घालून वर लिंबू पिळले की पीठ फसफसून येते, ते याच बदलामुळे: खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, लिंबू म्हणजे आम्ल, आणि फसफसणारे बुडबुडे म्हणजे मोकळा झालेला कार्बन डायऑक्साइड. वाचकाने या फसफसण्याची आठवण जपून ठेवावी. शेवाळाच्या पेशीत ती पुन्हा लागणार आहे.

या दोन रूपांतला आणखी एक फरक महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते पुढचे सगळे प्रकरण याच एका फरकावर उभे आहे. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो पेशीच्या स्निग्ध पटलांतून जवळजवळ बिनदिक्कत आरपार जातो. बायकार्बोनेटवर ऋण भार असतो, त्यामुळे त्याच्यासाठी दार ठेवले नसेल तर त्याला पटल ओलांडता येत नाही. पहिला वायू साठवून ठेवणे म्हणजे चाळणीत पाणी भरण्यासारखे आहे. दुसऱ्याचा साठा करता येतो. दुर्दैव असे की रुबिस्कोला पहिलाच लागतो, दुसरा चालत नाही. म्हणून शेवाळाने कार्बन साठवायचा तो बायकार्बोनेटच्या रूपात आणि वापरायच्या अगदी ऐन क्षणी, रुबिस्कोच्या अगदी पुढ्यात, त्याचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायचे, ही व्यवस्था अपरिहार्य ठरते.

शेवाळ खरोखरच असे काही करते याचा सबळ पुरावा 1980 मध्ये पुढे आला. मरे बॅजर, आरन काप्लान आणि जोसेफ बेरी यांनी क्लॅमिडोमोनासच्या पेशींना किरणोत्सारी कार्बन असलेले बायकार्बोनेट दिले आणि काही सेकंदांतच त्या पेशी अपकेंद्रण यंत्रात फिरवून सिलिकोन तेलाच्या थरातून खाली ओढल्या. पेशी तेलातून पार झाल्या, बाहेरचे पाणी मात्र वरच राहिले. त्यामुळे पेशींच्या आत त्या क्षणी किती कार्बन होता हे वेगळे मोजता आले. साध्या हवेवर वाढलेल्या पेशींच्या आत नुसत्या विसरणाने येऊ शकेल त्याच्या कित्येक पटींनी अधिक अकार्बनी कार्बन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट या रूपांतला कार्बन, साठलेला होता. मुबलक कार्बन डायऑक्साइड देऊन वाढवलेल्या पेशींमध्ये ही क्षमता फारच कमी होती. म्हणजे हा साठा पेशी प्रयत्नपूर्वक करते, आणि गरज असेल तेव्हाच करते.

त्या प्रयत्नाचा मार्ग आता बराच उलगडला आहे. त्यातील प्रथिनांची नावे प्रयोगशाळेतल्या खुणेच्या चिठ्ठ्यांसारखी रुक्ष आहेत. ती लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. पेशीचे बाह्यपटल आणि पेशीभित्तिका यांच्यामधल्या जागेत सीएएच1 नावाचे विकर असते. ते कार्बोनिक अनहायड्रेज या कुळातले आहे. कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट आणि बायकार्बोनेटचे कार्बन डायऑक्साइड करणारी ही विकरे इतकी चपळ असतात की त्यांच्यातली सर्वांत वेगवान सेकंदाला जवळपास दहा लाख रेणू हाताळतात. रुबिस्कोच्या शेजारी त्यांना पाहिले की एकाच कारखान्यात असा विरोधाभास कसा नांदतो याचे नवल वाटते. सीएएच1 मुळे बाहेरच्या पाण्यातली दोन्ही रूपे पेशीच्या दाराशी सतत उपलब्ध राहतात. मग बाह्यपटलातील एचएलए3 हा पंप ऊर्जा खर्चून बायकार्बोनेट आत ओढतो, आणि हरितलवकाच्या आवरणातील एलसीआयए हे प्रथिन त्याला पुढची वाट मोकळी करून देते. हरितलवकातील द्रव प्रकाशात किंचित विम्ल, सामू 8 च्या आसपास असतो. तेथे कार्बन बायकार्बोनेटच्या रूपातच सुखाने राहतो.

येथून पुढे मात्र नुसता साठा उपयोगाचा नाही. हरितलवकात थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्या असतात. त्यांच्या पटलांवर प्रकाश पडला की पटले हायड्रोजनचे धन आयन पिशव्यांच्या आत ढकलत राहतात, आणि आतला द्रव आम्ल होतो. त्याचा सामू 6 च्याही खाली उतरतो. वनस्पतींत सर्वत्र ही आम्लता एटीपी हे ऊर्जेचे चलन तयार करण्यासाठी वापरली जाते. शेवाळाने तिच्यावर दुसरे कामही सोपवले आहे. थायलाकॉइडच्या पटलांतील बेस्ट्रोफिनसदृश प्रथिनांतून बायकार्बोनेट या आम्ल पिशवीत शिरते, असे 2019 मध्ये दाखवले गेले. आत सीएएच3 हे दुसरे कार्बोनिक अनहायड्रेज बसलेले असते. सोड्यावर लिंबू पिळल्यावर जे होते तेच तेथे होते: बायकार्बोनेट आम्लाला भेटते आणि कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. लिंबाच्या रसासारख्या तीव्र आम्लात हे काम विकराशिवायही झटपट होते. थायलाकॉइडमधल्या सौम्य आम्लतेत मात्र त्याला सेकंद लागले असते, आणि पेशीच्या मापाने सेकंद म्हणजे फार मोठा काळ. म्हणून तेथे सीएएच3 ची गरज आहे.

ही गरज किती मोठी आहे हे 1983 मध्ये स्पॉल्डिंग, स्प्रायट्झर आणि ओग्रेन यांनी अभ्यासलेल्या एका उत्परिवर्तित वाणावरून कळते. या वाणात आतले कार्बोनिक अनहायड्रेज काम करत नव्हते. त्याच्या पेशी बायकार्बोनेटने काठोकाठ भरलेल्या होत्या, अगदी नेहमीच्या पेशींपेक्षाही जास्त. पण साध्या हवेवर त्यांचे प्रकाशसंश्लेषण धड होत नव्हते. कोठारात धान्य आहे पण जाते बंद पडले आहे, अशी ती अवस्था होती.

आता प्रश्न जागेचा. कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला तो रुबिस्कोच्या पुढ्यातच व्हायला हवा, नाही तर तो पटलांतून निसटून जाईल. क्लॅमिडोमोनासने आपले बहुतेक सगळे रुबिस्को एकाच गोळ्यात एकवटून ठेवले आहे. हवेतल्याइतका कमी कार्बन डायऑक्साइड असताना पेशीतले नव्वद टक्क्यांपर्यंत रुबिस्को या गोळ्यात असते. वायू मुबलक दिला की सुमारे निम्मेच तेथे उरते आणि बाकीचे हरितलवकभर पसरते. या गोळ्याला पायरेनॉइड म्हणतात. हे नाव 1882 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश श्मिट्झ यांनी ग्रीक भाषेतील कोय किंवा आठळी या अर्थाच्या शब्दावरून दिले, आणि फळातल्या आठळीसारखा हा गोळा सूक्ष्मदर्शकात खरोखरच उठून दिसतो. ज्यांनी महाविद्यालयात स्पायरोगायराची काचपट्टी पाहिली असेल, त्यांना त्याच्या नागमोडी हिरव्या फितीवरचे टपोरे ठिपके आठवत असतील. आयोडीनचा थेंब सोडला की त्या ठिपक्यांभोवतीचे पिष्टाचे आवरण काळेनिळे होते. आम्ही ती आकृती बाणांसह वहीत काढली आणि गुण मिळवले. पण तो ठिपका तेथे कशासाठी आहे हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

पायरेनॉइडच्या आतून थायलाकॉइडच्या नळ्या आरपार गेलेल्या असतात. त्या नळ्यांतच सीएएच3 काम करते. म्हणजे कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो तो थेट रुबिस्कोच्या गर्दीच्या मधोमध, आणि बाहेर पडण्याआधी त्याला या गर्दीतून वाट काढावी लागते. वाढलेल्या प्रमाणामुळे रुबिस्को भराभर काम करते आणि ऑक्सिजन मागे पडतो. पृथ्वीवर प्रकाशसंश्लेषणाने जेवढा कार्बन बांधला जातो त्यातला सुमारे एक तृतीयांश निरनिराळ्या शेवाळांच्या पायरेनॉइडमध्ये बांधला जातो, असा अंदाज आहे. मायक्रोमीटरभर आकाराच्या या गोळ्याला पाठ्यपुस्तकात एका ओळीपेक्षा थोडी अधिक जागा द्यायला हरकत नसावी.

हा गोळा एकत्र कसा राहतो याचे उत्तर अलीकडचे आहे. त्याच्याभोवती पटल नसते. प्रिन्स्टन विद्यापीठातील मार्टिन जोनिकस यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवले की एपिक1 नावाचे एक लांबट, लवचीक प्रथिन रुबिस्कोंना एकमेकांशी जोडते. या प्रथिनावर ठरावीक अंतराने रुबिस्कोला चिकटणाऱ्या पाच जागा असतात आणि प्रत्येक रुबिस्कोवर त्याला धरण्याच्या आठ जागा असतात. त्यामुळे एक धागा अनेक रुबिस्कोंना आणि एक रुबिस्को अनेक धाग्यांना बांधते. ही पकड सैल असते, सतत सुटते आणि पुन्हा बसते. म्हणूनच 2017 मध्ये जेव्हा पायरेनॉइडमधल्या प्रथिनांना चकाकणारी खूण जोडून त्याच्या एका भागातील चकाकी लेसरने पुसून टाकण्यात आली तेव्हा शेजारच्या भागातले चकाकणारे रेणू थोड्याच वेळात तेथे मिसळून गेले. ज्याला अनेकजण घट्ट, स्फटिकासारखी रचना समजत होते ती वस्तुतः द्रवाचा थेंब निघाली. मिसळीच्या रश्श्यावर तरंगणारे तर्रीचे थेंब रश्श्यात विरघळत नाहीत, पण एकमेकांना टेकले की एक होतात. साधारण तशाच प्रकारे रुबिस्को आणि एपिक1 हरितलवकाच्या द्रवापासून वेगळे होऊन आपला थेंब करतात. पेशी दुभंगताना हा थेंबही बहुधा मधोमध चेपून दोन होतो.

आता गळतीकडे वळू. मराठवाड्यातल्या किंवा सोलापूरकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको: धरणात पाणी असणे आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला ते पोहोचणे यांत फार अंतर असते, आणि ते अंतर बहुतांशी झिरपण्याने पडते. पायरेनॉइडमध्ये मोकळा झालेला जो कार्बन डायऑक्साइड रुबिस्कोच्या तावडीतून सुटतो तो बाहेरच्या दिशेने झिरपू लागतो. त्याच्या वाटेत पहिला अडथळा येतो तो पिष्टाच्या आवरणाचा, म्हणजे काचपट्टीवर काळेनिळे दिसणाऱ्या त्याच कवचाचा. हे कवच नसलेले उत्परिवर्तित वाण साध्या हवेवर बरे वाढतात, पण कार्बन डायऑक्साइड अगदीच कमी केला की मागे पडतात. त्याच्याही पलीकडे एलसीआयबी आणि एलसीआयसी या प्रथिनांची जोडी असते. वायू अत्यंत कमी असताना ती पायरेनॉइडभोवती कड्यासारखी जमते आणि निसटलेल्या कार्बन डायऑक्साइडचे पुन्हा बायकार्बोनेट करून त्याला साठ्यात परत लोटते, असे दिसते.

या जोडीचे महत्त्व एका विलक्षण वाणामुळे कळले. एलसीआयबी नसलेले क्लॅमिडोमोनास भरपूर कार्बन डायऑक्साइडमध्ये नीट वाढते. अगदी तुटपुंज्या कार्बन डायऑक्साइडमध्येही ते तग धरते. पण मधल्या, म्हणजे आपण श्वास घेतो त्या साध्या हवेच्या पातळीवर मात्र ते मरते. पहिल्यांदा ऐकताना हे अशक्य वाटते. उपासात जगणारा माणूस अर्ध्या पोटाने मरावा तसे काहीसे. उलगडा असा की पेशीकडे कार्बन मिळवण्याच्या दोन रीती आहेत. वायू फारच कमी झाला की एचएलए3 चे पंप जोरात चालू होतात आणि थेट बायकार्बोनेट ओढले जाते. साध्या हवेत मात्र पेशीचा भर आत झिरपत येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर असतो, आणि त्याला आतल्या आत बायकार्बोनेटमध्ये अडकवण्याचे काम एलसीआयबी करते. ते नसले की आलेला वायू आला तसा निघून जातो, आणि पंप चालू करावेत इतकी टंचाई झाली आहे असा इशाराही पेशीला मिळत नाही.

कार्बोनिक अनहायड्रेज इतके उपयोगी आहे तर ते पेशीभर का नसावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर 1989 मध्ये डीन प्राइस आणि मरे बॅजर यांच्या एका प्रयोगाने दिले, मात्र ते हिरव्या शेवाळावर नव्हे, तर सायनोबॅक्टेरियावर. हे जीवाणूही कार्बन साठवतात, आणि त्यांच्या रुबिस्कोची कोठडी वेगळ्या घडणीची, प्रथिनांच्या कवचाची असते. त्यांच्या पेशीद्रवात या दोघांनी माणसाचे कार्बोनिक अनहायड्रेज तयार करवले. परिणाम असा झाला की बाहेरून ओढून आणलेले बायकार्बोनेट कोठडीपर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत कार्बन डायऑक्साइड बनून पेशीबाहेर निसटू लागले, आणि साध्या हवेवर सुखाने वाढणारा तो जीव जादा कार्बन डायऑक्साइड दिल्याशिवाय जगेना. एकच विकर योग्य जागी असेल तर तारक आणि चुकीच्या जागी असेल तर मारक ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. शेवाळाच्या पेशीत ही विकरे कोठे आहेत याइतकेच ती कोठे नाहीत हेही महत्त्वाचे आहे.

या सगळ्याला खर्च येतो. पंपांना एटीपी लागतो, आणि थायलाकॉइडमध्ये प्रत्येक बायकार्बोनेटमागे एक हायड्रोजन आयन खर्ची पडतो; तो परत भरून काढायचा तर प्रकाशाची ऊर्जाच वापरावी लागते. म्हणून पेशी ही यंत्रणा बाराही महिने चालू ठेवत नाही. वायू कमी झाल्यापासून काही तासांत ती उभी राहते, आणि तिच्या किल्ल्या सीआयए5 किंवा सीसीएम1 अशा दोन नावांनी ओळखल्या जाणाऱ्या एकाच नियामक जनुकाकडे असतात. दोन नावे पडण्याचे कारण साधे आहे: अमेरिकेतील नेब्रास्का आणि जपानमधील क्योतो येथील दोन गटांनी 2001 मध्ये ते स्वतंत्रपणे शोधून काढले.

पायरेनॉइड फक्त तळ्यात सापडते असे मात्र नाही. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे दगडाझाडांवर वाढणारा एक लायकेन, अर्थात बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार. दगडफुलाच्या गटातील लायकेनमध्ये नांदणारे हिरवे शेवाळ ट्रेबॉक्सिया वंशाचे असते, आणि त्याच्या हरितलवकाच्या मधोमध एक ठसठशीत पायरेनॉइड असते. ट्रेबॉक्सियामध्ये कार्बन एकवटण्याची क्षमता आढळते. उलट पायरेनॉइड नसलेल्या कोकोमिक्सा या लायकेनमधल्याच दुसऱ्या शेवाळात ती आढळत नाही. जमिनीवरच्या वनस्पतींत पायरेनॉइड बाळगणारा एकच गट आहे, तो हॉर्नवर्टचा. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओल्या मातीच्या कडांवर, बारीक हिरव्या शिंगांसारख्या काड्या उभारून, त्या जमिनीलगत पसरलेल्या दिसतात.

बाकीच्या वनस्पतींपैकी काहींनी ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका यांच्या पानांत कार्बन आधी एका प्रकारच्या पेशीत पकडून दुसऱ्या प्रकारच्या पेशीत रुबिस्कोजवळ सोडला जातो. ही वाट प्रथम उसातच दिसली, हवाई येथील संशोधकांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून आणि पाठोपाठ ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांच्या प्रयोगांतून. शेवाळ जे एका पेशीत करते त्याला उसाला दोन पेशी लागतात. भात, गहू, हरभरा आणि सोयाबीन यांच्याकडे मात्र यांपैकी काहीच नाही. त्यांचे रुबिस्को हरितलवकभर सैल पसरलेले असते आणि दर चार-पाच वेळांतून एकदा ऑक्सिजन पकडून नुकसान करून घेते. उन्हाळा चढला की हे प्रमाण आणखी वाढते.

शेवाळाची युक्ती या पिकांत आणता येईल का, हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकपणेच येतो. 2020 मध्ये एडिंबरा विद्यापीठातील ॲलिस्टर मॅकॉर्मिक यांच्या गटाने ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या वनस्पतीच्या हरितलवकात एपिक1 तयार करवले. तिच्या रुबिस्कोचा लहान भागही त्यांनी शेवाळाच्या धर्तीचा केला होता. रुबिस्को खरोखरच एकत्र येऊन त्याचा द्रवरूप थेंब बनला, आणि वनस्पतीची वाढही खुंटली नाही. पण वाढली तरी ती नेहमीइतकीच. ते होणारच होते, कारण नुसता थेंब म्हणजे पाणी न आणलेला हौद. त्यात बायकार्बोनेट आणणारी दारे हवीत, थेंबातून जाणाऱ्या आम्ल नळ्या हव्यात, गळती अडवणारे पिष्टाचे कवच हवे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती प्रतिमानानेही हेच सुचवले की गळतीला अडथळा उभारल्याशिवाय कार्बन एकवटण्याचा खर्च परवडत नाही.

त्यातच एक गोष्ट जोडायची नाही, तर काढायची आहे. भातासारख्या वनस्पतींच्या हरितलवकातील द्रवात कार्बोनिक अनहायड्रेज आधीपासूनच मुबलक असते, म्हणजे प्राइस आणि बॅजर यांच्या प्रयोगात ज्याने घात केला तेच विकर, तशाच चुकीच्या जागी. ते काढून टाकले तर काय होईल हे पाहण्यासाठी अमेरिकेत तंबाखूच्या हरितलवकातील ही विकरे बंद करण्यात आली, आणि 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रकाशसंश्लेषणावर फारसा परिणाम झाला नाही. रोपांची वाढ मात्र बिघडली. ती हवेत नीट वाढेनात आणि त्यांना जादा कार्बन डायऑक्साइड द्यावा लागला. हरितलवकाला बायकार्बोनेट स्निग्धाम्ले बनवण्यासारख्या इतर कामांसाठीही लागते, आणि तो पुरवठा बहुधा याच विकरांवर अवलंबून होता.